प्लेग, नानावटी, लोणार की वारली? प्रकल्पाचा विषय ठरवताना

अकरावी-बारावीपासून पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत प्रकल्पाचे विषय फिरून फिरून तेच येतात. इतिहासात दुसरं महायुद्ध, गुन्हेगारीत एखादा सिरीयल किलर, विज्ञानात कृष्णविवर, कलेत मोनालिसा. विषय वाईट नाहीत. पण अकोल्यातल्या किंवा चिपळूणच्या मुलाच्या हाती त्यातलं मूळ साधन येणं फार अवघड. मग इंटरनेटवरची चार पानं जोडून पाचवं पान तयार होतं, आणि तोंडी परीक्षेत 'यातलं तू स्वतः काय पाहिलंस?' असं विचारलं की मूल गप्प होतं. वर्षभर राबलेल्या मुलावर ही वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून त्याच चार शाखांतले, पण आपल्या आवाक्यातले चार विषय इथे शेजारी शेजारी ठेवते: पुण्यातला १८९७ चा प्लेग, नानावटी खटला, लोणारचं सरोवर आणि वारली चित्रकला.

निवडताना दोनच गोष्टी पाहा. मूळ साधन तुमच्या हाती येईल का? आणि आल्यावर त्यात वाद घालण्याजोगं काही शिल्लक आहे का? गुण, पोस्टर, सादरीकरण हे सगळं त्यानंतर.

मूळ साधन कुठे मिळेल

या बाबतीत नानावटी खटला सगळ्यात सोयीचा. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या. सर्वोच्च न्यायालयाचा २४ नोव्हेंबर १९६१ चा निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतो, आणि त्या एकाच निकालात प्रकल्पाला पुरेल एवढा ऐवज आहे. पत्नीने आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नानावटींनी तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमापाशी सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगत रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, आधी आहुजाच्या कचेरीत आणि मग त्याच्या फ्लॅटवर गेले. आंघोळ करून आलेल्या आहुजाच्या अंगावर टॉवेल होता. झटापटीत गोळी सुटली असं बचाव पक्षाचं म्हणणं, तर झटापट झाली असती तर टॉवेल जागेवर राहिला असता का, हा सरकारी पक्षाचा सवाल. एका टॉवेलभोवती दोन पक्षांनी आपापली गोष्ट कशी बांधली, हे मूळ निकालात वाचताना पुरावा म्हणजे काय ते पक्कं कळतं. अडचण भाषेची आहे. इंग्रजी कायद्याची आहे, वाक्यं लांबलचक. पहिला आठवडा नुसता वाचण्यात जाईल हे धरून चाला.

प्लेगचं उलटं. भाषा आपली, पण कागद विखुरलेले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला, पुढच्या काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. १८९७ च्या केसरीचे अंक, सरकारी प्लेग अहवाल, चापेकरांवरच्या खटल्याचे कागद, ही मुख्य साधनं. मुंबईचं राज्य पुराभिलेखागार, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि जुन्या सार्वजनिक वाचनालयांचे नियतकालिकांचे विभाग इथे चकरा माराव्या लागतील. इंग्रजी वैद्यकीय अहवालांसाठी मात्र घर सोडावं लागत नाही. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश भारतातले असे पुष्कळ अहवाल डिजिटल करून खुले ठेवले आहेत. आणखी एक मोठी सोय म्हणजे १८९७ चं मराठी वृत्तपत्र छापील देवनागरीत आहे. पेशवाईवरचा विषय हौसेने घ्यायचा आणि दफ्तरातली मोडी पाहून महिनाभराने सोडायचा, हे इथे होत नाही. ज्यांना मोडी येते त्यांनी पेशवाई जरूर घ्यावी, बाकीच्यांनी आधी लिपी शिकावी.

लोणारमध्ये साधन डोळ्यांसमोर आहे, पण त्याला हात लावायला परवानगी लागते. सरोवर अभयारण्यात येतं आणि नोव्हेंबर २०२० पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आहे. खिशातल्या बाटलीत पाणी भरून आणणं हा प्रयोग होत नाही. वन विभागाकडे महाविद्यालयाच्या पत्रावर अर्ज करायचा आणि उत्तराची वाट पाहायची. ती वाट पाहण्याइतका वेळ नसेल तर उपग्रहाची चित्रं वापरा. सेंटिनेल-२ ची २०१५ नंतरची चित्रं फुकट मिळतात, त्यांतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दरवर्षीच्या मे महिन्यातली पाण्याची कड आखली की सरोवराचं क्षेत्रफळ कसं कमीजास्त झालं हे तुमचं स्वतःचं मोजमाप होतं. कॉम्प्युटर लॅब असलेल्या कुठल्याही कॉलेजात हे जमतं.

वारलीत साधन म्हणजे माणसं. त्यामुळे पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरी-जव्हारकडे जाऊन राहता येत असेल तरच हा विषय घ्या. बाजारातल्या टी-शर्ट आणि चहाच्या कपांवरून वारलीवर प्रकल्प लिहिला जातो तेव्हा वाईट वाटतं, कारण कुडाच्या भिंतीवरचा चौक, म्हणजे लग्नातलं विधीचं चित्र, ही वेगळीच गोष्ट आहे. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पांढरं पाणी, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नघरात सवाशिणी चौक लिहितात, मधोमध पालघट देवी, शेजारी घोड्यावरचा पंचशिऱ्या, आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. हे चित्र त्या विधीचाच भाग असतं. ते पाहायचं तर लग्नाच्या दिवसांत जायला हवं आणि कुणीतरी आपणहून घरात बोलवायला हवं. परीक्षेचं वेळापत्रक ते ठरवत नाही.

वादाला जागा कुठे आहे

इथे मात्र माझं माप प्लेगच्या बाजूला झुकतं.

प्लेगची शाळेत शिकलेली गोष्ट सरळ आहे: प्लेग अधिकारी रँडचा जुलूम, लोकांचा संताप, २२ जून १८९७ ची रात्र, गणेशखिंड रस्ता, 'गोंद्या आला रे'. रँडच्या सोबतचा अधिकारी आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ ला फाशी झाली. हे सगळं खरं आहे, पण कागद उघडले की गोष्ट रुंद होत जाते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने पुन्हा वापरला. त्याआधी १० जानेवारीला शास्त्रज्ञ हाफकिनने मुंबईत स्वतःला लस टोचून घेतली होती. १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. पुण्यात घरोघर शिरून सैनिकांनी रोगी शोधायला सुरुवात केली ती मार्चच्या मध्यावर. म्हणजे त्या गेल्या तेव्हा साथ होती, पण ज्या झडत्यांवरून पुढे सगळं पेटलं त्या अजून व्हायच्या होत्या. तारखा नुसत्या एकाखाली एक लिहून काढल्या तरी असे प्रश्न वर येतात.

आणि मग गोखल्यांची माफी. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप मँचेस्टर गार्डियनमधून जाहीरपणे केला. परत आल्यावर तो सिद्ध करता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. त्यासाठी त्यांना देशात केवढी टीका सोसावी लागली! पण आरोप सिद्ध झाला नाही याचा अर्थ काही घडलंच नाही असा होतो का? साक्ष द्यायला पुढे येणाऱ्या बाईला तेव्हा काय किंमत मोजावी लागली असती? पत्र लिहिणाऱ्यांची नावं उघड का झाली नसावीत? एका विद्यार्थ्याला पूर्ण वर्ष पुरेल एवढा हा प्रश्न आहे, आणि याचं तयार उत्तर कुठल्याही संकेतस्थळावरून उतरवून घेता येत नाही. माझ्या हातात असतं तर इतिहासाच्या प्रत्येक वर्गात एकाला तरी हा विषय दिला असता.

नानावटीत वाद आहे, पण नेहमीचा नाही. 'प्रेमाचा त्रिकोण' लिहायला घेऊ नका, त्यावर लिहून झालंय. ज्युरीवर, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवायला बसवलेल्या सामान्य नागरिकांच्या मंडळावर लिहा. नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताने निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, १९६४ मध्ये माफी मिळाली. 'या खटल्यामुळे भारतातून ज्युरी गेली' हे वाक्य जवळपास प्रत्येक लेखात सापडतं. ते तपासून पाहणं हाच प्रकल्प करा. विधी आयोगाने ज्युरी बंद करायची शिफारस आपल्या चौदाव्या अहवालात १९५८ मध्येच केली होती, म्हणजे गोळ्या सुटायच्या आधीच. ज्युरी कायद्यातून पूर्ण गेली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. मधल्या वर्षांत काय झालं, हे तुम्ही शोधायचं. दुसरा चांगला धागा 'अचानक आणि गंभीर प्रक्षोभ' हा, म्हणजे एकाएकी भडकलेल्या रागात हत्या झाली तर तिला खून न मानणारा अपवाद. दीडच्या सुमारास घर सोडलं आणि चार वीसला गोळ्या सुटल्या, या मधल्या वेळात राग निवायला अवधी होता असं न्यायालयाने म्हटलं. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० मधला हा अपवाद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये आला आहे. शब्द किती बदलले, किती तसेच राहिले, हे दोन्ही कलमं शेजारी ठेवून कुणालाही पाहता येतं.

लोणारचा वाद आकड्यांचा आहे आणि म्हणूनच देखणा आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालं, हे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानंतर पक्कं धरलं गेलं. प्रचंड धक्क्यानेच तयार होणारी मास्केलिनाइट नावाची काच तिथे सापडली. पण ते कधी आदळलं? एका पद्धतीने वय सुमारे ५२ हजार वर्षं येतं, आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटींहून जास्त फरक! या दोन पद्धती नेमकं काय मोजतात आणि कुठे चुकू शकतात, हे बारावीच्या विद्यार्थ्यालाही समजून घेता येतं. त्याच्या तुलनेत जून २०२० मधल्या गुलाबी पाण्याचा प्रश्न बराच सुटलेला आहे. आघारकर संस्थेच्या तपासणीत मिठात वाढणारे हॅलोआर्किया सूक्ष्मजीव निघाले. त्यामुळे 'लोणार गुलाबी का झालं' हा विषय आता घेऊ नका. पाण्याचा विस्तार आणि रंग यांचा वर्षावर्षांचा मेळ लागतो का, हा घ्या.

वारलीतला खरा प्रश्न नाजूक आहे. चौक लिहिणाऱ्या बायका, आणि कागद-कॅनव्हासवर जगभर पोचलेली नावं मुख्यतः पुरुषांची. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे १९७० च्या दशकात भिंतीवरून कागदावर आले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. पण विधीतून बाजारात येताना चित्रातून काय गळलं, कुणाचा हात मागे राहिला, हे विचारायला हवं. ते विचारताना ज्यांच्या घरी गेलात त्यांची परवानगी, त्यांच्या वेळेचा मोबदला आणि अहवालात त्यांना हवं असेल तर त्यांचं नाव, यात कसूर नको.

कुणी काय घ्यावं

दोन महिने हाताशी असतील आणि इंग्रजी बऱ्यापैकी असेल तर नानावटी. वर्ष असेल, पुणे-मुंबईला येणं-जाणं जमत असेल तर डोळे मिटून प्लेग. गणिताची, नकाशांची आवड असलेल्यांनी लोणार, आणि बुलढाणा, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरकडची मुलं असाल तर एकदा तरी प्रत्यक्ष काठावर उभं राहून या. वारली पालघरच्या मुलांनी घ्यावी असं मला वाटतं, त्यातही वारली घरातल्या मुलामुलींनी, कारण आजी काय लिहायची आणि का, हे विचारायला त्यांना कुणाची ओळख काढावी लागत नाही.

इतिहास आणि कायदा यांत मन अडकलं असेल तर एक जोडविषय सांगून ठेवते, अजून फारसा कुणी केलेला दिसत नाही. १८९७ मध्ये केसरीतल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तोही ज्युरीपुढे आणि मुंबईतच. सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. अठरा महिन्यांची शिक्षा झाली. बासष्ट वर्षांनी त्याच शहरात आठ विरुद्ध एक. दोन्ही ज्युरींत कोण बसले होते, त्यांची निवड कशी झाली, आणि न्यायाधीशांनी त्यांना समारोपाच्या भाषणात काय समजावून सांगितलं, एवढ्या तीन गोष्टी शोधल्यात तरी प्रकल्प उभा राहतो. सुरुवात टिळकांच्या खटल्याच्या छापील वृत्तांतापासून करा, तो जुन्या ग्रंथालयांत मिळतो.