सोसायटीचं गार्डन की बंद कंपनीचा प्लॉट?

मुलांना खेळायला कुठे न्यायचं, हा प्रश्न ठाण्यातल्या वागळे इस्टेटजवळ राहणाऱ्या आईबाबांना कधीतरी पडतोच. १९६२ मध्ये एमआयडीसी (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ) स्थापन झाली, तिची ही पहिली औद्योगिक वसाहत. पुढे कंपन्या बंद पडत गेल्या, काही शेड पाडल्या गेल्या आणि त्या जागांवर एरंड, सुबाभूळ, घाणेरी माजली.

गार्डनला कुंपण आहे, खाली रबरी फरशी आहे, गॅलरीतून हाक मारली की पोर वर येतं. मूल चार वर्षांखालचं असेल तर दुसरा विचार नको. पण माझी आठ वर्षांची लेक चार घसरगुंड्या झाल्या की वर येऊन विचारते, "आई, आता काय करू?"

प्लॉटवर हा प्रश्न तिने एकदाही विचारलेला नाही. मालक ओळखीचे, त्यांना विचारून आम्ही जातो. परवा तिने शेजारच्या मुलाबरोबर मिसळीचं हॉटेल काढलं. फुटक्या टाइल्सच्या ताटल्या, टाकळ्याच्या शेंगांची शेव, विटेचा चुरा म्हणजे तिखट. तिखट पुरेना म्हणून दोघं कितीतरी वेळ दगडावर वीट घासत बसली. गल्ल्यावर कोण बसणार यावरून भांडली आणि आपली आपणच मिटवूनही टाकलं. एरवी तोंड न उघडणारा तो मुलगा ओरडून गिऱ्हाइकं बोलवत होता! ब्रिटिश कलावंत सायमन निकोल्सन यांनी १९७१ मध्ये हेच मांडलं होतं: हलवता, जोडता, मोडता येतील अशा सुट्या वस्तू जितक्या जास्त, तितकी मुलांची कल्पकता फुलते. गार्डनमध्ये सगळंच बोल्टने आवळलेलं.

मात्र सगळे प्लॉट सारखे नाहीत. रसायनांची कंपनी होती तिथे मुळीच नेऊ नका, मातीत काय मुरलंय ते डोळ्यांना दिसत नाही. सिमेंटचे जुने पत्रे फुटून पडले असतील तरी परत फिरा. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जातात. एरंडाच्या बिया विषारी, गाजर गवताने अंगाला खाज सुटते. ही दोन्ही झाडं ओळखायला मुलांना आधीच शिकवा.

माझ्यापुरता निर्णय झालाय. रोज संध्याकाळी गार्डन, रविवारी सकाळी प्लॉट. पावसाळ्यात प्लॉट बंद, कारण गवतात साप आणि उघड्या टाक्या दिसत नाहीत. पायात बंद बूट, धनुर्वाताची लस वेळेवर झालेली. मी कडेला बसते, हॉटेलात बोलावलं तरच आत जाते.