मिरज की कुंदगोळ?

किराणा घराण्याच्या (हिंदुस्थानी ख्याल गायकीच्या एका परंपरेच्या) चाहत्याला शनिवार-रविवार मोकळा मिळाला, तर या दोन गावांपैकी कुठे जावं?

मिरज सोपं. मुंबईहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलं की पहाटे उतरायचं. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाण्याची सभा भरते. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबरही तिथेच. सकाळी सतारमेकर गल्लीत जा. भोपळ्यांच्या राशी, ताज्या पॉलिशचा वास, जवारी काढत, म्हणजे घोडी घासून तारेचा गुंजता नाद जुळवत बसलेले कारागीर. रात्री ऐकायचा तानपुरा दिवसा घडताना दिसतो. हे सुख दुसरीकडे नाही.

कुंदगोळ लांब. आधी हुबळी गाठायची, मग पुढे वीसेक किलोमीटर. पण खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व याच गावचे, आणि त्यांच्या स्मृतीची मैफल नाडिगेर वाड्यात रात्रभर चालते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मोठ्या मांडवात ध्वनिक्षेपकातून येणारा खर्ज इथे लाकडी खांबांमधून थेट अंगावर येतो.

पहिल्यांदा निघालात तर मिरज. मला विचाराल तर कुंदगोळ, सोमवारची रजा टाकून. तारखा मात्र आधी विचारून घ्या, दोन्हीकडच्या सभा दर आठवड्याला नसतात.