वेर्ण्यातील टूलरूम: काम चोख, एका गफलतीसह

वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या टूलरूमकडून (साचे व अवजारे बनवणाऱ्या कारखान्याकडून) गेल्या पावसाळ्यात आम्ही कणभौतिकीच्या डिटेक्टरमध्ये (कणांचा माग टिपणाऱ्या यंत्रात) बसवायच्या सिलिकॉन सेन्सरसाठी एक जिग, म्हणजे काम करताना भाग नेमक्या जागी धरून ठेवणारी चौकट, आणि सेन्सर उचलण्याचे साधन करून घेतले. सेन्सरची जाडी सुमारे 300 मायक्रॉन असते आणि त्याच्या कडेच्या ॲल्युमिनियमच्या जोडतारा जेमतेम 25 मायक्रॉनच्या, म्हणजे केसाहूनही बारीक असतात. चुकून बोट लागले की तार आडवी झालीच. त्यामुळे साधनाने त्या कडेला कुठेही शिवू नये, ही आमची पहिली अट होती.

जपानमधील बेल-2 डिटेक्टरच्या चौथ्या थरासाठी मुंबईच्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्थेने) सेन्सरच्या शिड्या, म्हणजे ओळीने बसवलेल्या सेन्सरच्या पट्ट्या, जोडल्या. त्या कामात जिगवर निर्वाताने, म्हणजे पंपाने हवा ओढून, सेन्सर धरण्याची जी पद्धत होती, त्याच वळणाचा आमचा आराखडा होता. तो पाहून टूलरूममधील ज्येष्ठ फिटरने विचारलेला पहिला प्रश्न मापाचा नव्हता: "सर, सेन्सर वर धरलेला असताना वीज गेली तर?" गोव्यातल्या आषाढात हा प्रश्न आम्हाला सुचू नये, याची मला अजून लाज वाटते. पंप आणि साधन यांच्यामध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) व छोटी टाकी बसवण्याचे त्यांनीच सुचवले. पंप मुद्दाम बंद करून घेतलेल्या चाचणीत काचेचा नमुना चार मिनिटे जागचा हलला नाही. तो सावकाश खाली ठेवायला एवढा वेळ पुष्कळ झाला.

मापांबाबतही टूलरूमचे लोक शिकायला तयार होते. तापमानातील दहा अंशांच्या फरकाने 100 मिलिमीटर ॲल्युमिनियम सुमारे 23 मायक्रॉन वाढते आणि तेवढेच सिलिकॉन 2.6 मायक्रॉन, हे सांगितल्यावर त्यांनी जिग रात्रभर वातानुकूलित खोलीत ठेवून सकाळी पुन्हा मोजली.

तक्रार एकच, पण किरकोळ नाही. जिग बाहेरून ॲनोडाइझ करून (पृष्ठभागावर ऑक्साइडचा संरक्षक थर चढवून) आणताना डॉवेल पिनांची, म्हणजे भाग नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्यांची, भोके झाकायची राहिली आणि थर चढून ती आवळल्याने पिना अडकू लागल्या. रिमर (भोक घासून मापात आणणारे हत्यार) फिरवून भोके मोकळी करून दिली, त्याचे पैसेही घेतले नाहीत, मात्र आठ दिवस वाया गेले. आराखड्यावर तशी सूचना नव्हती, हा दोष आमचाही होय.

दुसरी जिग त्यांच्याकडेच दिली आहे. या वेळी भोके झाकण्याची टीप लाल शाईत आहे.