इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनचा अ‍ॅम्प: तयार घ्यावा, जुन्या पेटीवर भागवावं की स्वतः बांधावा?

स्टॅक्स या जपानी कंपनीचा एल500 किंवा एल700 हा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन घरी आला की पहिल्याच संध्याकाळी लक्षात येतं, त्याचा पाच पिनांचा प्लग घरातल्या कशातच बसत नाही. दोन जाळीदार स्टेटरच्या (स्थिर धातूच्या पट्ट्यांच्या) मधोमध मायक्रॉनमध्ये मोजावा असा पातळ पडदा, त्यावर 580 व्होल्टचा कायमचा बायस, म्हणजे पडदा विद्युतभारित ठेवणारं स्थिर व्होल्टेज, आणि स्टेटरना शेकडो व्होल्टचा उलटसुलट सिग्नल, एवढं सगळं लागतं. साधा हेडफोन अ‍ॅम्प यातलं काहीच देत नाही. त्यामुळे प्रश्न अ‍ॅम्प हवा की नको हा नसतोच. कोणता, एवढाच असतो.

बहुतेक जण माहितीपत्रकातला व्होल्टेजचा आकडा बघून ठरवतात. मीही तसंच करायचो. स्टॅक्सचा लहान एसआरएम-252एस 280 व्होल्ट देतो, 353एक्स 400 व्होल्ट आणि सगळ्यात वरचा टी8000 470 व्होल्ट. आकडे ऐकून दरी मोठी वाटते. डेसिबलमध्ये मोजा: 280 वरून 400 वर गेलात की 3 डेसिबल वाढतात, 400 वरून 470 वर जेमतेम दीड. एल मालिकेतले हेडफोन 100 व्होल्टला 101 डेसिबल देतात, म्हणजे सगळ्यात लहान अ‍ॅम्पही 110 डेसिबलपर्यंत पोचतो. त्याहून मोठ्यानं कुणी ऐकू नये, कान एकदाच मिळतात.

मग फरक कुठे पडतो? करंटमध्ये. हा हेडफोन म्हणजे केबल धरून सुमारे 110 पिकोफॅरडचा कपॅसिटर. 1 किलोहर्ट्झला 400 व्होल्ट दिले तर तो पाव मिलिअँपच्या आसपास करंट ओढतो, 20 किलोहर्ट्झला तेवढ्याच व्होल्टला साडेपाच मिलिअँप. संगीतात इतक्या वरच्या पट्टीत पूर्ण जोर क्वचितच असतो हे खरं, पण तबल्याच्या चाटीची धार किंवा तानपुऱ्याची जवारी याच टोकाला जगते. अ‍ॅम्पचा करंट तिथे अपुरा पडला की आवाज कमी होत नाही, कडा बोथट होतात. मोठ्या आवाजात सलग तासभर ऐकून थकवा येतो आणि दोष हेडफोनला लागतो.

इथेच जुन्या ट्यूबवाल्या स्टॅक्सची गोष्ट येते. टी1, 006टी, 007टी या अ‍ॅम्पांच्या आउटपुटला 6सीजी7 ट्यूब आहेत आणि त्यांच्या प्लेटवर (ट्यूबच्या आउटपुटच्या टोकावर) लोड म्हणून रेझिस्टर. समजा तो 50 किलोओहमचा आहे आणि सिग्नल 300 व्होल्टचा. रेझिस्टरच 6 मिलिअँप खाऊन बसतो, तर हेडफोनला 20 किलोहर्ट्झलाही जेमतेम सव्वाचार लागतात. ट्यूबची निम्म्याहून जास्त मेहनत रेझिस्टर तापवण्यात जाते. म्हणून जाणकार तिथे रेझिस्टर काढून करंट सोर्स, म्हणजे सिग्नल न खाता ठरावीक करंट देणारं छोटं सर्किट, बसवतात. वापरलेला टी1 चांगल्या किमतीत मिळाला आणि उच्च व्होल्टेजवर हात बसलेला असेल, तर हा बदल पैशाच्या मानानं सगळ्यात जास्त देतो. तसाच ठेवला तरी गायनासाठी फार गोड अ‍ॅम्प आहे. मोठा वाद्यवृंद जोरात लावला की मात्र त्याची दमछाक ऐकू येते.

252एस बद्दल लोक उगाच नाक मुरडतात. तो 12 व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालतो, त्यामुळे जपानहून आणला तरी तिथल्या 100 व्होल्ट विजेची कटकट अ‍ॅडॉप्टरपुरतीच राहते (नवा लावताना पोलॅरिटी तपासा). बाकीच्या जपानी मॉडेलांचं तसं नाही. 100 व्होल्टसाठी बनलेला अ‍ॅम्प आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटला लावला तर तिथेच संपला. बाजारात सहज मिळणारा स्टेपडाउन 110 व्होल्टचा असतो, त्यावर चालेलही, पण दहा टक्के जास्तीचे व्होल्ट रोज त्याला तापवत राहतील. ट्रान्सफॉर्मर 100 व्होल्टचाच वळवून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सांगितलं तसा गुंडाळून देणारे आहेत.

घरात आधीच चांगला स्पीकर अ‍ॅम्प असेल तर तिसरी वाट आहे, ट्रान्सफॉर्मरची पेटी. स्टॅक्सच्या एसआरडी-7 सारख्या पेटीत स्पीकर अ‍ॅम्पचा सिग्नल जातो, आत ट्रान्सफॉर्मर तो चढवतो आणि बायसही तिथेच तयार होतो. खर्च कमी, व्होल्टेज भरपूर, खालचे सूर दमदार. वरच्या टोकाला मात्र ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा स्वभाव मिसळतो आणि स्पीकर अ‍ॅम्पला तिथे लोड अवघड जातो. पेटी घेताना एक गोष्ट नीट बघा: साधी एसआरडी-7 ही जुन्या 230 व्होल्ट बायसची, सहा भोकांच्या सॉकेटची आहे. पाच पिनांचा प्रो (580 व्होल्ट बायसचा) प्लग त्यात बसतो, बिघडत काही नाही, पण आवाज सुमारे 8 डेसिबलनं खाली येतो आणि माणूस पेटीला नावं ठेवतो. उलटा प्रकार, जुना सहा पिनांचा हेडफोन 580 व्होल्टच्या सॉकेटात, होऊच शकत नाही. मधली सहावी पिन अडवते. प्रो हेडफोनसाठी एसआरडी-7 प्रो शोधा.

कॉसचा ईएसपी/950 या सगळ्यातून बाहेर आहे. अ‍ॅम्प खोक्यातच येतो, बायस 600 व्होल्ट, प्लग वेगळा. पहिल्यांदा चव घ्यायची असेल तर तोही विचारात घ्या.

आता बांधण्याबद्दल, कारण माझा जीव तिथे जास्त रमतो. या क्षेत्रात सर्किट आखणारे केविन गिलमोर यांच्या आराखड्यांना पर्याय नाही. घरी बांधणाऱ्यांसाठी त्यांनी बोर्डांच्या फायली खुल्या ठेवल्या, हे त्यांचं मोठं देणं. त्यातले तीन निवडीला येतात. केजीएसएसएचव्ही पूर्ण ट्रान्झिस्टरचा. कार्बन त्याचाच पुढचा अवतार, आउटपुटला 1700 व्होल्ट सोसणारे सिलिकॉन कार्बाइड मॉस्फेट. ब्लू हवाई संकरित, म्हणजे ट्रान्झिस्टर आणि ट्यूब दोन्हींचा, आउटपुटला चार ईएल34 ट्यूब.

ब्लू हवाईचं नाव मोठं आहे आणि ते सार्थ आहे. ईएल34 आजही नव्या बनतात, गिटार अ‍ॅम्पवाल्यांमुळे मिळतही राहतील. पण चार ट्यूबांची नुसती फिलामेंट 38 वॅट खातात, आउटपुटची उष्णता वेगळी. मुंबईच्या मे महिन्यात बंद खोलीत हे जाणवतं. केजीएसएसएचव्हीची अडचण वेगळी: त्याचे मूळ ट्रान्झिस्टर, सान्योचा 2एसए1968 वगैरे, आता बनत नाहीत आणि बाजारात नकली माल फार आहे. आज नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी कार्बन सांगेन. भाग अधिकृत विक्रेत्याकडून मिळतात, करंट भरपूर असतो, ट्यूब बदलणं नाही.

तरीही तो पहिला प्रकल्प म्हणून सांगणार नाही. अधिक-उणे 400 व्होल्टची सप्लाय म्हणजे दोन टोकांत 800 व्होल्ट, आणि त्यामागे ती ऊर्जा साठवून बसलेले कपॅसिटर. बायसला करंट जवळपास नसतो, खरा धोका सप्लायचा आहे. तुम्ही याआधी एखादा ट्यूब अ‍ॅम्प बांधून, तपासून, चालता केला नसेल तर तयार अ‍ॅम्प घ्या. यात कमीपणा काही नाही.

ज्यांनी केला आहे त्यांच्यासाठी: पहिला करंट सिरीज बोर्डच्या (अ‍ॅम्पच्या आधी बल्ब एकसर जोडलेल्या बोर्डच्या) बल्बमधून द्या. बंद केल्यावर कपॅसिटर रेझिस्टरनं रिकामे करून मीटरनं खात्री करा, मगच हात घाला, तोही एकच. मीटर 1000 व्होल्टचा हवा, स्वस्तातले बरेचसे 600 ला थांबतात. हीटसिंकखाली अभ्रकाऐवजी अ‍ॅल्युमिनाचे जाड इन्सुलेटर वापरा आणि हीटसिंकला अर्थिंग द्या. बोर्डवर उरलेला सोल्डरिंगचा फ्लक्स नीट धुवा. पावसाळ्यात ओल धरून तोच गळती करतो.

आणि बायस मोजताना घाबरू नका. माझ्या पहिल्या अ‍ॅम्पवर 580 ऐवजी 387 व्होल्ट दिसले आणि मी दोन दिवस चांगली चालणारी सप्लाय उकलत बसलो. बायस 5 मेगाओहमच्या रेझिस्टरमधून येतो, मीटरचा स्वतःचा रोध 10 मेगाओहम. दोघांत व्होल्टेज वाटलं जातं आणि 387 हाच बरोबर आकडा ठरतो. मोजायचं असेल तर रेझिस्टरच्या आधी मोजा.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना अ‍ॅम्पइतकंच हेडफोनकडेही बघावं लागतं. जून ते सप्टेंबर तो उघडा टांगू नका, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. दमट हवेत एका कानाचा आवाज बसला किंवा बारीक खरखर सुरू झाली तर अ‍ॅम्प उघडण्याआधी हेडफोन दोन दिवस कोरडा करून पाहा.

बांधून झाल्यावर आउटपुटचा ऑफसेट (सिग्नल नसताना राहणारं डीसी व्होल्टेज) दोन्ही स्टेटरमध्ये आणि प्रत्येकाचा ग्राउंडशी तपासा, तासभर गरम होऊ द्या, पुन्हा तपासा. आकडे स्थिर राहिले की मगच हेडफोन लावा. मी त्या रात्री फक्त तानपुरा लावला होता, वीस मिनिटं.