तिखट पचवायला शिकायचंय? इथली मिरची की भूत जोलकियाची बाटली

तिखटाची खरी गोडी लागावी, जीभ जहाल मिरचीला सरावावी, असं मनात घेतलेल्या माणसापुढे गोव्यात दोन वाटा असतात. एक इथल्या मिरचीची: खोला किंवा हरमल या गावांच्या नावाने ओळखली जाणारी मिरची रोजच्या जेवणात थोडी थोडी वाढवत नेणं. दुसरी बाटलीची: भूत जोलकिया नाहीतर कॅरोलिना रीपर अशा अतिजहाल मिरचीचा सॉस आणून एकदम त्या आगीला भिडणं. मी दोन्ही करून पाहिलंय, उलट्या क्रमाने. आधी बाटली, मग मिरची. त्यामुळे काय आधी करावं याबद्दल माझं मत पक्कं आहे.

आधी आकडे बघू, कारण बाटलीवर तेच मोठ्या अक्षरात असतात. तिखटपणा मोजायची स्कोव्हिल पद्धत 1912 सालची. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्याला कितव्या पातळीला तिखट लागेनासं होतं ते पाहायचं. आता हे काम यंत्र करतं. आपल्या घरातल्या सुक्या मिरच्या या मापावर हजारांत असतात. भूत जोलकियाने 2007 साली गिनीजमध्ये जागतिक विक्रम केला तो 10,01,304 चा. 2013 साली रीपरने तो मान घेतला आणि 2023 पासून तो पेपर एक्स या मिरचीकडे आहे, 26,93,000 वर. बाटलीत मात्र व्हिनेगर, गाजर, कांदा, लसूण असं बरंच मिसळलेलं असतं, म्हणून लेबलावरचा मिरचीचा आकडा म्हणजे सॉसचा आकडा नव्हे. घटकांच्या यादीत ‘मिरचीचा अर्क’ दिसला तर ती बाटली मी परत ठेवतो. त्यात नुसती आग असते, मिरचीचा वास नसतो.

आता चव. खोल्याची मिरची काणकोणच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते. पातळ सालीची, लालभडक, तिखटाला मध्यम. हरमलची मिरची पेडण्याकडची आणि ती चांगलीच झोंबते. दोघींनाही जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन आहे. रेशाद या मासळीत भरायच्या लाल गोवन मसाल्यात माडाच्या व्हिनेगरबरोबर वाटली की खोल्याच्या मिरचीला जो रंग येतो तो मला बेडगीत कधी मिळाला नाही, आणि तिखट जिभेच्या शेंड्यावर लागून लवकर ओसरतं. पोट फाडून मसाला भरलेला बांगडा तव्यावर उलटताना कडेला जो मसाला गळून करपतो, तो बोटाने उचलून चाखा. आधी आंबट, मग किंचित गोड, तिखट सगळ्यात शेवटी. या क्रमामुळेच दुसरा घास घ्यावासा वाटतो.

भूत जोलकिया निराळ्याच जातकुळीची. ताजी कापली की पिकलेल्या फळासारखा वास सुटतो, आणि तो वास खरोखर सुंदर आहे. तिचं तिखट मात्र उशिरा येतं आणि घशाशी ठाण मांडतं. मी पहिल्यांदा तिची चटणी चमच्याच्या टोकावर घेतली तेव्हा अर्धं मिनिट काहीच लागलं नाही. म्हणून पुन्हा घेतली. पुढची वीस मिनिटं उचकी, कानांत गरम वाफ आणि डोळ्यांना धार. त्या वीस मिनिटांत चव म्हणून काही कळलं नाही. बाटलीपासून सुरुवात करू नका असं मी म्हणतो ते यासाठीच. जी चव चाखायला ती मिरची आणायची, तीच न सरावलेल्या जिभेला कळत नाही.

सराव नेमका कशाचा होतो हे माहीत असलं की निवड सोपी जाते. मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, आपल्या मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही1 या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. हीच ग्राही साधारण 43 अंशांच्या वरची उष्णता ओळखते, म्हणून मेंदूला भाजल्याचीच खबर जाते. 1997 साली ती शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 सालचं नोबेल विभागून मिळालं. यातून घरात उपयोगी पडणारी गोष्ट अशी की वाफाळत्या हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, तीच मिरची जास्त झोंबते. सुरुवातीला आमटी कोमट होऊ द्या. दुसरं, वारंवार तिखट लागत गेलं की ही ग्राही बोथट होते, पण खाण्यात मोठा खंड पडला की पुन्हा तल्लख होते. महिनाभर बाहेरगावी अळणी खाऊन परतलो की मला नेहमीची चटणीही चढते. म्हणजे रोज थोडं खाणारा पुढे जातो, महिन्यातून एकदा पराक्रम करणारा तिथेच राहतो. आणि रोज खायला सॉसपेक्षा ज्या मिरचीचं जेवण घरात शिजतं तीच बरी.

माझा क्रम असा होता. पहिले दोन आठवडे खोल्याच्या मिरचीचा मसाला, मग त्यात चौथा हिस्सा हरमलची, मग निम्मी. मिरची उभी चिरली की आत फिकट पांढरी शीर दिसते, तिथे तिखट साठलेलं असतं. बिया झोंबतात त्या शिरेला लागून असतात म्हणून. शीर काढून वाटलं तर वास आणि रंग राहतो, आग उतरते. पुढे हळूहळू शिरेसकट वाटायचं. हात असा बसला की प्रमाण आपल्या ताब्यात राहतं. बाटलीत ती सोय नाही.

जीभ फारच पोळली तर पाण्याने काम होत नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या, त्यातलं केसिन हे प्रथिन ते सोडवून नेतं. सोलकढीनेही बरं वाटतं, नारळाच्या रसात स्निग्धांश असतो. जोलकिया चिरताना हातमोजे घालाच. नसतील तर आधी बोटांना खोबरेल चोळा, नंतर तेलाने आणि साबणाने धुवा, आणि तरीही डोळ्यांना हात लावू नका.

पैजेवर अख्खी रीपर खायचा विचार असेल तर सोडून द्या. 2018 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या केस रिपोर्ट्समध्ये 34 वर्षांच्या एका माणसाची नोंद आली. स्पर्धेत एक रीपर खाल्ल्यावर त्याला डोकं फुटेल अशी कळ येत राहिली, आणि तपासणीत मेंदूच्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसल्याचं दिसलं. तो बरा झाला. आम्लपित्त, अल्सर किंवा मूळव्याधीचा त्रास असणाऱ्यांनी दोन्ही वाटा डॉक्टरांना विचारूनच धराव्यात.

बाटलीच्या बाजूनेही बोलायलाच हवं. तुम्ही आधीच तरणी मिरसांग, म्हणजे हिरवी मिरची, कच्ची चावून खाणारे असाल, किंवा स्वयंपाकघर नाही, खोलीवर राहता, तर जोलकियाचा सॉस सोयीचा आहे. दोन थेंब डाळीत ढवळून टाका, तोंडात थेट नको. मीही आता तो बाळगतो. सहा महिने हरमलच्या मिरचीवर काढल्यावर तो फळासारखा वास मला पहिल्यांदा नीट आला, कोळंबीच्या सुक्यात, शेवटच्या मिनिटाला टाकलेल्या एका थेंबात.

मिरची घ्यायची तर मे महिन्यात, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या, खरेदीच्या वेळी, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. खोल्याची बेडगीपेक्षा महाग पडते आणि तिच्या नावावर दुसरीही खपवली जाते, म्हणून उगवली कुठे ते विचारून घ्या. देठ शाबूत असलेली, हलवली की आत बिया वाजणारी निवडा. पाव किलो पुरे, पहिल्या दोन महिन्यांना.