युक्रेनचा तह: पुरंदर की मंदसौर?

इंदूरच्या मराठी घरांत युक्रेनचा विषय निघाला की दोन मिनिटांत पुरंदर येतो. "महाराजांनी २३ किल्ले दिलेच ना? पाच वर्षांत परत घ्यायला लागले." असं म्हणणारा बहुधा चार प्रांत देऊन युक्रेनने मोकळं व्हावं या मताचा असतो. समोरचा तावातावाने विचारतो, घुसखोराला वर बक्षीस द्यायचं का? या दोघांच्या मध्ये बसून ज्यांचं मत अजून ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिली वाट म्हणजे मॉस्कोच्या अटी मानणं. आधी त्या पाहू. जून २०२४ मध्ये पुतिन यांनी जाहीर मागणी केली: डोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया आणि खेरसोन या चारही प्रांतांतून युक्रेनने सैन्य काढावं आणि नाटो या लष्करी युतीत जायचा नाद सोडावा. तेव्हा हे चारही प्रांत पूर्णपणे रशियाच्या ताब्यात नव्हते. खेरसोन आणि झापोरिझ्झिया ही शहरं युक्रेनकडेच होती. म्हणजे लढून मिळालं नाही ते सहीवर मागितलं.

डोनेत्स्कमधल्या स्लोव्हियान्स्क आणि क्रामातोर्स्क या शहरांचंच बघा. २०१४ पासून युक्रेनने इथे खंदक आणि मोर्चे बांधत आणले आहेत, आणि त्यांच्या पश्चिमेला बराचसा सपाट मुलूख आहे. याच क्रामातोर्स्कच्या रेल्वे स्टेशनवर ८ एप्रिल २०२२ ला क्षेपणास्त्र पडलं, तेव्हा गाव सोडून जायला जमलेली पन्नासहून जास्त माणसं मेली. हा पट्टा दिला की जमिनीबरोबर तटबंदीही जाते.

म्हणून पुरंदरचा दाखला इथे बसत नाही. १६६५ च्या त्या तहात २३ किल्ले गेले, पण १२ राहिले. राजगड राहिला, तोरणा राहिला, रायगड राहिला. पुन्हा उठायला जागा शिल्लक होती, म्हणून १६७० मध्ये उठता आलं. आपल्या इंदूरकरांना खरं तर मंदसौर आधी आठवायला हवं. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला इंग्रजांकडून होळकरांचा पराभव झाला आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह. खानदेश गेला, सैन्य कमी करावं लागलं, बाहेरच्या दरबारांशी बोलणं ईस्ट इंडिया कंपनीमार्फत, आणि वर कंपनीची फौज कायमची मुलखात. महूची छावणी त्यातूनच आली. गादी टिकली, पण स्वतःच्या जोरावर उभं राहायची सोय संपली. नोव्हेंबर २०२५ मध्ये बाहेर आलेल्या अमेरिकेच्या २८ कलमी मसुद्यात उरलेला डोनेत्स्क सोडण्याबरोबरच युक्रेनच्या सैन्यावर ६ लाखांची मर्यादा होती. मला ते कलम वाचून मंदसौरच आठवलं.

दुसरी वाट म्हणजे आहे त्या रेषेवर लढाई थांबवणं. २०२२ मध्ये खारकीव्हच्या मेट्रो स्टेशनांत आसरा घेतलेल्या आपल्या विद्यार्थ्यांचे फोन ज्या घरांत आले, तिथे साहजिकच हीच वाट बरी वाटते. हिच्यात एक मोठी गोष्ट आहे: युद्धबंदी म्हणजे हक्क सोडणं नव्हे. युक्रेनच्या घटनेप्रमाणे देशाची हद्द बदलायची तर देशभर सार्वमत घ्यावं लागतं. नुसतं थांबायला ते लागत नाही. पण रेषेपलीकडे देशाचा जवळपास पाचवा हिस्सा राहतो, आणि तिथल्या माणसांचं काय, याला या वाटेवर आज उत्तर नाही.

रेषा टिकते कशी? कोरियात २७ जुलै १९५३ ला युद्धबंदी झाली, शांतता करार आजतागायत नाही, तरी रेषा टिकली, कारण अमेरिकेची फौज तिथे राहिली. पूर्व युक्रेनमधली लढाई थांबवायला केलेले मिन्स्कचे २०१४ आणि २०१५ चे करार निरीक्षकांच्या भरवशावर होते. ते कोलमडले. त्याआधी १९९४ मध्ये बुडापेस्टला युक्रेनने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडायचं कबूल केलं, बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी सीमांचा मान राखण्याचा शब्द दिला. तो रशियानेच मोडला. २०२२ च्या इस्तंबूलच्या वाटाघाटींत तर युक्रेनच्या सुरक्षेची हमी देणाऱ्या देशांनी मदतीला यायचं झालं तर सगळ्यांची, म्हणजे रशियाचीही, संमती लागेल अशी अट रशियाने घातली. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या!

तिसरी वाट, आधी संपूर्ण माघार मग तह, ही न्यायाची आहे यात मला शंका नाही. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांचा नोव्हेंबर २०२२ चा १० कलमी प्रस्ताव तोच. मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी माघारीची मागणी केली, भारत तटस्थ राहिला. पण युक्रेनची २०२३ ची दक्षिणेतली चढाई अडली, आणि तेवढं बळ कुठून आणायचं हे ही बाजू घेणाऱ्याने सांगायला हवं.

माझं मत दुसऱ्या वाटेकडे आहे, मात्र तीन अटींवर: सैन्यावर मर्यादा नको, तटबंदी सोडायची नाही, आणि हमी फौजेची हवी, नुसत्या सहीची नको. यातली एकही सुटली तर मी तिसऱ्या बाजूने बोलेन. कैद्यांची अदलाबदल आणि रशियात नेलेल्या युक्रेनी मुलांची सुटका यांना तर नकाशा ठरायची वाट पाहायची गरजच नाही. मे २०२५ मध्ये लढाई चालू असतानाच दोन्हीकडचे हजार-हजार लोक घरी परतले.