मिस मार्पलच्या निमित्ताने मार्गारेट रदरफोर्ड : चार चित्रपटांचा डीव्हीडी संच

अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांतली वयस्कर हौशी गुप्तहेर मिस मार्पल हिच्यावर एमजीएम या अमेरिकी चित्रपटसंस्थेने १९६१ ते १९६४ या काळात इंग्लंडमध्ये चार कृष्णधवल चित्रपट काढले. ते एकत्र देणारा वॉर्नरचा डीव्हीडी संच ठाण्यात, नौपाड्यातल्या जुनी पुस्तके विकणाऱ्या एका दुकानात, चांगल्या स्थितीत मिळाला. रहस्यपट म्हणून तो घ्यावा का, असे कुणी विचारल्यास माझे उत्तर नकारार्थी राहील. मात्र मार्गारेट रदरफोर्ड या इंग्लिश चरित्र अभिनेत्रीने साडेतीन दशके रंगभूमीवर जे कमावले होते, ते उतारवयात कॅमेऱ्यासमोर कसे वापरले, हे पाहण्याची ज्यांना उत्सुकता आहे त्यांनी हा संच सोडू नये.

रदरफोर्ड यांचा जन्म १८९२ चा, लंडनच्या बाल्हम भागातला. अगदी लहानपणी त्या आईवडिलांबरोबर मद्रासला होत्या. आईने तिथेच जीवन संपवले आणि मुलीची रवानगी विम्बल्डनला मावशीकडे झाली. पुढे पियानो आणि शब्दोच्चार शिकवून त्या चरितार्थ चालवत होत्या, आणि १९२५ मध्ये लंडनमधल्या ओल्ड व्हिक या नाट्यगृहाच्या रंगमंचावर त्यांनी पहिले पाऊल ठेवले तेव्हा वयाची तेहतिशी आली होती. नायिकेच्या भूमिका त्या वयात आणि त्या चेहऱ्याला मिळणार नव्हत्या, त्यामुळे आत्या, शिक्षिका, गृहव्यवस्थापिका अशा कडेच्या पात्रांवरच त्यांची सारी उभारणी झाली. ऑस्कर वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’मध्ये १९३९ साली लंडनला त्यांनी मिस प्रिझम ही विसराळू शिक्षिका केली, १९४७ मध्ये न्यूयॉर्कला त्याच नाटकातली करारी लेडी ब्रॅकनेल केली आणि १९५२ च्या चित्रपटात पुन्हा मिस प्रिझम केली. एकाच नाटकातल्या इतक्या परस्परविरुद्ध स्त्रिया पेलणाऱ्या नटीला केवळ ‘विनोदी’ म्हणून बाजूला ठेवणे अन्यायाचे आहे. नोएल कॉवर्डच्या ‘ब्लाइद स्पिरिट’मधली सायकलवरून हिंडणारी, मृतात्म्यांना बोलावणारी मादाम आर्काती त्यांनी १९४१ मध्ये रंगमंचावर आणि १९४५ मध्ये डेव्हिड लीनच्या चित्रपटात साकारली. ती बाई प्रेक्षकाला हास्यास्पद वाटते, पण स्वतःला क्षणभरही तशी वाटत नाही, आणि रदरफोर्ड यांच्या विनोदाचे मर्म मला तिथेच दिसते. हशा मिळाल्यावर तो पुरता वसूल होईपर्यंत थांबणारी नटमंडळी गडकरी रंगायतनात आपण पुष्कळ पाहतो. या बाई थांबत नाहीत, त्या हातातले काम पुढे नेतात.

संचातला पहिला चित्रपट, ‘मर्डर, शी सेड’, याची उत्तम साक्ष देतो. मूळ कादंबरीत शेजारून धावणाऱ्या आगगाडीतला खून मिस मार्पलची मैत्रीण पाहते आणि संशयित घरात नोकरीला दुसरीच तरुणी जाते. चित्रपटात ही दोन्ही कामे मिस मार्पलकडेच येतात. पटकथेच्या दृष्टीने ही काटकसर असेल, पण त्यामुळे सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या अभिनेत्रीला मोलकरणीच्या वेशात चहाचा ट्रे घेऊन खोल्याखोल्यांतून वावरण्याची संधी मिळाली. जेम्स रॉबर्टसन जस्टिस यांच्या खेकसणाऱ्या घरमालकासमोर त्या आवाज चढवत नाहीत. हनुवटी जराशी उचलतात, ओठ घट्ट मिटतात आणि जागच्या हलत नाहीत, एवढ्यावर प्रसंग त्यांच्याकडे येतो. पुढे दूरचित्रवाणीवर मिस मार्पल म्हणून गाजलेल्या जोन हिक्सन याच चित्रपटात एका छोट्या भूमिकेत दिसतात, हे जाता जाता सांगायला हवे.

‘मर्डर अ‍ॅट द गॅलप’मध्ये रॉबर्ट मॉर्ली आहेत आणि रदरफोर्ड यांचे ट्विस्ट नृत्यही आहे, ते नृत्य त्या एखादे कर्तव्य पार पाडावे तशा गांभीर्याने करतात. ‘मर्डर मोस्ट फाउल’ मला या चारांत सर्वांत जवळचा वाटला, कारण त्यात मिस मार्पल एका फिरत्या, डबघाईच्या नाटक कंपनीत शिरते आणि निवड चाचणीत एक लांबलचक कविता म्हणून दाखवते. वाईट अभिनय मुद्दाम करणे चांगल्या नटालाही सोपे नसते. येथे कविता म्हणणारी मिस मार्पल हौशी आहे आणि तिच्या आडची अभिनेत्री कसलेली आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसत राहतात. जहाजावर घडणारा ‘मर्डर अहॉय’ मात्र तलवारबाजीचा प्रसंग वगळल्यास कंटाळवाणा आहे.

ख्रिस्तीच्या निष्ठावंत वाचकांची तक्रार रास्त आहे. तिची मिस मार्पल सडपातळ, नाजूक आणि मागे राहून निरीक्षण करणारी आहे. ही मिस मार्पल धिप्पाड आणि धडाडीची आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्रपटाच्या मूळ कादंबऱ्या तर ख्रिस्तीच्याच दुसऱ्या गुप्तहेराच्या, पॉयरोच्या आहेत, आणि चौथ्याची कथा कोणत्याच कादंबरीवरून घेतलेली नाही. ख्रिस्तीला हे चित्रपट रुचले नव्हते, तरीही १९६२ ची आपली मार्पल कादंबरी तिने रदरफोर्ड यांनाच अर्पण केली. चारही चित्रपटांत मिस मार्पलला साथ देणारे मिस्टर स्ट्रिंजर हे पात्र पुस्तकांत कोठेच नाही. ती भूमिका रदरफोर्ड यांचे पती स्ट्रिंजर डेव्हिस यांनी केली आहे. अभिनेता म्हणून त्यांची झेप बेताचीच, पण दोघांच्या संवादांतली सवयीची जवळीक लिहून आणता येण्यासारखी नाही.

आता वस्तूविषयी. चित्र स्वच्छ आहे आणि रॉन गुडविन यांचे हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्यावरचे खट्याळ शीर्षकसंगीत जुन्या टीव्हीवरही स्पष्ट ऐकू येते. डीव्हीडी जगाच्या ठरावीक विभागांपुरत्या काढल्या जातात, आणि हा संच अमेरिकेसाठी, म्हणजे पहिल्या विभागासाठी काढलेला असल्याने पाचव्या विभागाच्या आपल्याकडील प्लेयरवर तो चालेलच असे नाही. सर्व विभागांच्या तबकड्या चालवणारा प्लेयर घरी असेल तरच पैसे मोजावेत. प्रत्येक चित्रपट साधारण दीड तासाचा आहे. माझी खरी नाराजी वेगळी आहे: १९६३ च्या ‘द व्हीआयपीज’साठी सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळवणाऱ्या आणि १९६७ मध्ये ‘डेम’ हा ब्रिटिश किताब लाभलेल्या नटीच्या रंगभूमीवरील कामाविषयी एखादी पुस्तिका संचासोबत द्यायला हवी होती. खरेदीआधी एकच चित्रपट पाहून ठरवायचे असेल, तर दुकानदाराला ‘मर्डर मोस्ट फाउल’ची तबकडी लावून दाखवायला सांगावे, निवड चाचणीचा प्रसंग संपेपर्यंत निर्णय झालेला असेल.